कुलाब्याच्या वहीतील वादळ

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापन केली, ती मुख्यतः आकाशाचे वेध घेऊन बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविण्यासाठी. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचेही मोजमाप होऊ लागले. काम मोठे कंटाळवाणे होते. टांगलेला लोहचुंबक किंचित हलला की मोजपट्टीवरील आकडा बदलायचा. तो दुर्बिणीतून वाचून दर तासाला वहीत उतरवायचा, दिवस असो वा रात्र. या आकड्यांचा उपयोग काय, असे त्या काळी कोणी विचारले असते, तर समाधानकारक उत्तर देणे कठीण गेले असते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे ज्योतिर्विद सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असताना एका मोठ्या डागसमूहावर त्यांना दोन लखलखीत ठिणग्या दिसल्या आणि पाच मिनिटांत त्या मावळल्या. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी साऱ्या पृथ्वीवर होकायंत्रांच्या सुया थरथरू लागल्या. तारायंत्रे आपोआप चालू लागली. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि केवळ तारेत उत्पन्न झालेल्या विजेवर एकमेकांशी संवाद साधला. एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारे रंगीत प्रकाशाचे पडदे क्यूबापर्यंत दिसले. रोम येथे आदल्याच वर्षी येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनी चुंबकीय वेधशाळा सुरू केली होती. तेथेही या वादळाची नोंद झाली. मात्र सूर्यावरील ठिणगी आणि पृथ्वीवरील खळबळ यांचा संबंध जोडण्यास विद्वान सहजी धजले नाहीत. लॉर्ड केल्विन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने तर १८९२ साली असा संबंध अशक्यप्रायच ठरविला.

आज त्याची कारणमीमांसा ठाऊक झाली आहे. सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा तप्त वायू, म्हणजेच प्लाझ्मा, सतत बाहेर वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या वाटेत उभे राहते आणि ओढ्यातील धोंड्याभोवतून पाणी फाकावे तसा हा सौरवात पृथ्वीला वळसा घालून जातो. या संरक्षित पोकळीस चुंबकांबर म्हणतात. गुरूचे चुंबकांबर प्रचंड आहे. मंगळाने मात्र आपले सर्वव्यापी क्षेत्र अब्जावधी वर्षांपूर्वीच गमावले, आणि त्याचे वातावरण सौरवात आजही हळूहळू खरवडून नेत आहे. सूर्याने कधी प्लाझ्माचा मोठा लोटच फेकला आणि त्यातील चुंबकीय क्षेत्राची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असली, तर हा बांध फुटल्यासारखा होतो. विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, भारित कणांचे एक कडे पृथ्वीभोवती फिरू लागते. त्या कड्यातील विद्युत्प्रवाहामुळे जमिनीवरील चुंबकत्वाचे बळ घटते.

ही घट स्वच्छ मोजायची तर वेधशाळा विषुववृत्ताच्या बरीच जवळ हवी. ध्रुवांकडे इतर प्रवाहांची सरमिसळ फार. लंडनजवळील क्यू येथे छायाचित्राच्या कागदावर आपोआप नोंद होत असे, पण त्या दिवशी रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्यास असा यांत्रिक थाट नव्हता. माणूस होता, आणि चुंबक अस्वस्थ झाल्याचे पाहून त्याने तासाची वाट पाहिली नाही. पंधरा-पंधरा, कधी पाच-पाच मिनिटांनी आकडे टिपले. २ सप्टेंबरच्या त्या सकाळी घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरली. तुलनेसाठी, मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात बुडविणाऱ्या वादळाचा जागतिक निर्देशांक ५८९ इतका घसरला होता.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकाचे वाचन बिघडणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी शहराशी हुज्जत न घालता समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. इमारतीत लोखंड वर्ज्य. दगडसुद्धा चुंबकत्व नाही ना हे पारखून घेतलेला. १९०४ पासून दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले गेले, जेणेकरून जुन्या आकड्यांचा धागा नव्याशी जुळावा. माझ्या मते मूस यांची खरी थोरवी या दोन वर्षांतच आहे.

त्या जुन्या नोंदी २००३ साली पुन्हा उघडल्या गेल्या. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्षसिंग लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याचे आकडे प्रसिद्ध केले आणि १८५९ च्या वादळाला प्रथमच नेमके माप मिळाले. त्यावर वाद झाला, अजूनही होतो. एवढी मोठी आणि दोनएक तासांत ओसरलेली घट केवळ त्या कड्यामुळे कशी होईल, असा काहींचा आक्षेप आहे. तासाची सरासरी घेतली तर आकडा साडेआठशेच्या आसपास येतो, असे इतरांनी दाखविले. वाद आकड्याच्या अर्थाचा आहे. अवकाशात उपग्रह आणि जमिनीवर विजेचे जाळे सांभाळणारे अभियंते मात्र सर्वांत वाईट काय घडू शकते याचा हिशेब मांडताना त्याच सकाळच्या नोंदींकडे वळतात. अलिबागची वेधशाळा अद्याप वेध घेत आहे.