उजेडाचे दाणे

भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडतो. कागद उजेडाकडे धरला की डाग उजळ दिसतो, उजेडाकडे पाठ करून पाहिला की काळपट. दोन्ही बाजूंनी सारखाच उजेड पडला, तर डाग जवळजवळ विरून जातो. बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात एवढ्याशा गोष्टीवर उजेड मोजण्याचं साधन उभं केलं. मधे डागाचा कागद, एका बाजूला ठरलेली मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला मोजायचा दिवा. डाग विरेपर्यंत मागेपुढे सरकवायचं आणि अंतरावरून हिशेब मांडायचा.

बंद खोलीत एलईडीखाली पालेभाजी पिकवणारा माणूस आज जो सेन्सर हातात धरतो, त्याचं कुळ शोधत मागे गेलं की हा डाग भेटतो. डाग विरला की नाही, हे ठरवत होता माणसाचा डोळा. या मापाची पुढची सगळी अडचण तिथेच जन्माला आली.

ती ‘ठरलेली मेणबत्ती’ ब्रिटनने 1860 च्या एका कायद्याने पक्की केली. देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाची, सहा नग मिळून एक पौंड भरतील अशी, तासाला 120 ग्रेन जळणारी. गॅसकंपनी ग्राहकाला पुरेसा उजेड देते की नाही, हे तपासायला ती हवी होती. पुढे दिवे बदलले, मेणबत्ती गेली, पण डोळा राहिला. 1924 साली माणसाच्या डोळ्याला कोणता रंग किती उजळ दिसतो, याचा आलेखच आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाला. 555 नॅनोमीटरच्या पोपटी रंगाला सर्वांत जास्त भाव, निळ्या आणि गर्द तांबड्या रंगाला अगदी कमी. आपला लक्समीटर याच आलेखावर चालतो. वाचनाच्या टेबलासाठी, शाळेच्या वर्गासाठी तो योग्यच आहे.

रोपाला मात्र डोळे नाहीत. रोप उजेडातलं काय घेतं, हे 1882 मध्ये एंगलमन यांनी फार देखणेपणाने दाखवलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या एका धाग्यावर लोलकातून फुटलेले रंग पाडले आणि त्याच थेंबात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. थोड्या वेळात जिवाणूंची गर्दी झाली ती तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत. हिरव्यात तुरळक. कोणत्या रंगात प्राणवायू तयार होतोय, ते जिवाणूंनीच सांगितलं. उजेड मोजण्याच्या साऱ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत प्रिय आहे, कारण इथे मोजणारा डोळा माणसाचा नव्हता.

पण किती मोजायचं, हा प्रश्न उरलाच. त्याची किल्ली 1905 मध्ये आइनस्टाइनच्या हाती लागली: उजेड सुट्या कणांनी येतो. शेतकऱ्याला ही गोष्ट टोकणीवरून चटकन समजेल. बाजारात बी किलोवर घेतात, पण टोकताना एका जागी दोन दाणे टाकायचे म्हणजे दोनच. दाणा टपोरा असला म्हणून त्यातून दोन रोपं उगवत नाहीत. प्रकाशसंश्लेषणाचंही तसंच. 450 नॅनोमीटरच्या निळ्या कणात 660 च्या तांबड्या कणाच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते, पण पानात तो काम करतो एकाच कणाचं. जादाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे पानासाठी उजेडाचं वजन नव्हे, दाणे मोजायला हवेत.

हे दाणे इतके बारीक की शंभर, हजार, लाख यांत ते बसत नाहीत. म्हणून रसायनशास्त्रातला मोल घेतला. एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे 6 वर 17 शून्यं एवढे कण. भर दुपारी निरभ्र आकाशाखाली एका चौरस मीटरवर सेकंदाला असे जवळपास 2000 मायक्रोमोल पडतात. पूर्वी एक मोल कणांना ‘आइनस्टाइन’ म्हणत, पण काही जण त्याच नावाने कणांची संख्या सांगत आणि काही जण तेवढ्या कणांची ऊर्जा. या गोंधळामुळे ते नाव मागे पडलं.

कोणत्या रंगांचे दाणे मोजायचे, याचं कुंपण कुठे घालायचं, हे ठरायला 1972 उजाडलं. टेक्सासमध्ये कीथ मॅक्री यांनी 22 पिकांची पानं घेऊन 350 पासून 750 नॅनोमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने उजेड पाडला आणि पान किती कार्बन डायऑक्साइड घेतं ते मोजलं. तांबडा वरचढ निघाला, निळा थोडा मागे. हिरवा मात्र ‘निरुपयोगी’ ठरला नाही. पानाच्या आत जाऊन तोही चांगलंच काम करतो. आलेख सपाट नव्हता, तरी मॅक्री यांनी व्यवहाराचा निवाडा केला: 400 ते 700 मधला प्रत्येक कण सारखा धरा, बाहेरचा शून्य. ऊर्जा मोजण्यापेक्षा हा हिशेब पानाच्या जास्त जवळ जात होता आणि साध्या उपकरणात बसत होता. त्याच सुमारास अमेरिकेतल्या नेब्रास्कात सिलिकॉनच्या चकतीवर गाळण्या बसवून असा सेन्सर तयार झालाही होता. वर दुधी प्लास्टिकची टोपी, म्हणजे तिरपा येणारा उजेडही त्याच्या वाट्याइतका मोजला जावा.

एलईडी आले आणि डोळ्याचं माप किती फसवं आहे, ते उघडं पडलं. नासाच्या पाठबळावर विस्कॉन्सिन विद्यापीठात तांबड्या एलईडीखाली लेट्यूस वाढवलं, त्याचा निबंध 1991 चा. निळा उजेड तेव्हा फ्लुओरेसंट नळ्यांतून घ्यावा लागला, कारण झगझगीत निळा एलईडी अजून दोन वर्षं दूर होता. या तांबड्या-निळ्या दिव्याखाली लक्समीटर धरला, तर उन्हातल्या तेवढ्याच कणांच्या मानाने तो सुमारे सातपट कमी आकडा दाखवतो. टिश्यू कल्चरच्या जुन्या पुस्तकांत ‘इतके लक्स ठेवा’ असं लिहिलेलं असतं. ट्यूबलाइटच्या मांडणीवर ते निभावलं. तोच आकडा जांभळ्या एलईडीला लावला, तर केळीच्या कोवळ्या रोपांवर कित्येक पट उजेड ओतला जाईल.

दिव्याचा एकूण उतारा मोजण्याची रीत वेगळी, आणि तीही जुनीच. जर्मनीत उल्ब्रिख्ट यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आतून पांढरा रंगवलेला पोकळ गोल वापरात आणला. दिवा आत ठेवला की उजेड भिंतींवर आपटून-आपटून सर्वत्र सारखा होतो आणि एका झरोक्यातून सगळ्याचा हिशेब लागतो. त्याला विजेच्या वॅटने भागलं की एका ज्यूलमागे किती मायक्रोमोल ते कळतं. 2014 मधल्या एका अभ्यासात उत्तम सोडियम दिवे आणि उत्तम एलईडी दोघेही 1.7 च्या आसपास होते. आज चांगले एलईडी 3 च्या पुढे गेलेत.

पण गोलात मोजलेला उजेड रोपांपर्यंत कसा वाटला जातो, हे गोल सांगत नाही. माझ्याकडे दोन फूट बाय दोन फुटांच्या ट्रेमध्ये कोथिंबीर होती. मधली गच्च, काळसर हिरवी. कोपऱ्यातली लांबुडकी, पांढुरक्या देठाची, आडवी पडलेली. दिव्याच्या खोक्यावर फक्त मधला आकडा छापलेला. मी ट्रेवर सुतळीचे सोळा चौकोन ओढले, सेन्सर शेंड्यांच्या उंचीवर पाटीवर सपाट ठेवला आणि प्रत्येक चौकोनात आकडा लिहून घेतला. मधे 320 मायक्रोमोल, कोपऱ्यात 130. सोळा तासांचा दिवस धरला, तर मधल्या कोथिंबिरीला चौरस मीटरमागे 18 मोल, कोपऱ्यातलीला साडेसात. एकाच ट्रेमध्ये एकीकडे पोटभर, दुसरीकडे अर्धपोटी. सोळा आकड्यांच्या सरासरीत हा भेद पुसला जातो, म्हणून सर्वांत कमी आकड्याला सरासरीने भागून पाहतात. भागाकार एकाच्या जितका जवळ, तितकी वाटणी सारखी. माझा जेमतेम 0.6 आला. दिवा थोडा वर घेतला, चारी बाजूंना पांढरे पुठ्ठे उभे केले आणि पुन्हा सोळा आकडे घेतले. मधला उतरून 250 वर आला, कोपरे 190 च्या पुढे गेले.

मॅक्री यांचं कुंपणही आता हलतंय. 700 ते 750 मधला गर्द तांबडा एकटा फारसं काही करत नाही, पण इतर रंगांच्या जोडीला आला की पानाला उपयोगी पडतो, असं यूटामधल्या संशोधकांनी 2020 च्या सुमारास दाखवलं आणि कुंपण 750 पर्यंत न्यावं असं सुचवलं. माझा सेन्सर 700 वर थांबतो. त्यापलीकडचा उजेड मला सध्या कोथिंबिरीच्या देठांवरूनच ओळखावा लागतो.