मनगटाचं माप

मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमध्ये टंकलेखिकेचं काम करणारी तरुणी. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका महिलेचा असाच विक्रम खोटा निघाला आणि ग्लाइट्झच्या यशावरही शंका घेतली जाऊ लागली. म्हणून दोन आठवड्यांनी, २१ तारखेला, ती पुन्हा पाण्यात उतरली. या खेपेला पाणी इतकं गार होतं की दहा तासांहून अधिक काळ झुंज दिल्यावर तिला बाहेर काढावं लागलं. तिच्याजवळचं रोलेक्सचं ‘ऑयस्टर’ घड्याळ मात्र ठणठणीत चालत होतं. महिन्याभराने ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची पानभर जाहिरात झळकली. मनगटी घड्याळाच्या इतिहासातली ही सर्वांत गाजलेली परीक्षा. आणि त्या परीक्षेच्या वेळी ते घड्याळ मनगटावर नव्हतं. फितीत ओवून गळ्यात अडकवलेलं होतं.

महागड्या घड्याळांचं कौतुक होतं ते तबकडीचं, मीनाकामाचं, यंत्रातल्या चाकांचं आणि माणकांचं. दिवसभर कातडीला टेकून असणाऱ्या पाठीच्या बाजूबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पाणी आणि धूळ यांच्यापासून घड्याळ वाचवण्याची युक्ती कारागिरांना १९२७ पर्यंत साधली होती. घाम गाळणारं, उन्हात फुगणारं, थंडीत आकसणारं आणि सतत वळणारं मनगट त्यांना समजायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला.

सुरुवात मात्र फार सुंदर झाली होती. नेपोलियनची बहीण कॅरोलिन म्युरा ही नेपल्सची राणी. तिने १८१० मध्ये पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगेकडे हातात घालायचं घड्याळ मागितलं. लांबट आकाराचं, अत्यंत पातळ असं ते घड्याळ १८१२ मध्ये तयार झालं. त्याचा पट्टा केस आणि सोन्याची तार एकत्र गुंफून केला होता. ते घड्याळ आज कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, पण ब्रेगेच्या वह्यांमध्ये त्याचं वर्णन आहे. मऊ, हलका, हाताच्या वळणाबरोबर वळणारा पट्टा त्या कारागिराला पहिल्याच खेपेला सुचला होता.

पुढे जवळजवळ शंभर वर्षं पुरुषांनी घड्याळ खिशातच ठेवलं. हातातलं घड्याळ हा बायकांचा दागिना मानला जाई. युद्धाने हे बदललं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिश सैनिक खिशातलं घड्याळ चामड्याच्या वाटीसारख्या कप्प्यात बसवून मनगटावर बांधू लागले. पहिल्या महायुद्धात घड्याळाच्या गोल पेटीला दोन्ही बाजूंनी तारेच्या कड्या डाखल्या गेल्या आणि त्यांतून अरुंद पट्टा ओवला गेला. खंदकातल्या माणसाला वेळ चटकन दिसावी एवढीच गरज होती आणि ती भागली. पण ते मुळात खिशासाठी जन्मलेलं घड्याळ होतं. गोल, फुगीर आणि उंच.

घड्याळ आणि पट्टा ही एकच वस्तू आहे, असा विचार कार्तिएने केला. ब्राझीलचा वैमानिक आल्बेर्तो सान्तोस-द्युमाँ याच्यासाठी लुई कार्तिएने १९०४ मध्ये चौकोनी घड्याळ घडवलं. विमानाच्या दांड्यावरचा हात न काढता त्याला वेळ पाहता यावी, हा हेतू होता. १९१७ मध्ये आखलेल्या आणि दोन वर्षांनी विक्रीला आलेल्या ‘टँक’मध्ये ही कल्पना पूर्णत्वाला गेली. त्याच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या सरळ पुढे जातात आणि पट्टा त्यांच्यातच सामावतो. वेगळ्या डाखलेल्या कड्या उरल्याच नाहीत. रणगाड्यावरून सुचलेलं हे रूप, पण हातावर इतकं अलगद बसणारं घड्याळ त्याआधी क्वचितच झालं असेल.

लांबट घड्याळांची टूम आली तशी नवी अडचण उभी राहिली. मनगट गोलसर, यंत्र सपाट. त्यामुळे लांब घड्याळाची दोन्ही टोकं हवेत तरंगत. बहुतेक कारखान्यांनी बाहेरची पेटी वाकवली आणि आत छोटं, सपाट यंत्र बसवून उरलेली जागा रिकामी सोडली. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या ग्रुएन कंपनीला हे पटलं नाही. १९३५ मध्ये तिने ‘कर्वेक्स’ आणलं. त्यात यंत्राची पाटच वक्र केली होती आणि चाकं त्या वळणाला धरून तिरकी बसवली होती. माणसाच्या हाडामासाला मान देऊन यंत्राने स्वतःचा आकार बदलावा, असं उदाहरण यंत्रांच्या जगात विरळाच. ग्रुएनने पुढे मोटार चालवणाऱ्यांसाठी मनगटाच्या कडेला बसणारं घड्याळही काढलं. स्टिअरिंगवरचा हात न वळवता वेळ दिसे. दुसऱ्या महायुद्धानंतर गोल, जलरोधक घड्याळांची लाट आली आणि ‘कर्वेक्स’ मागे पडलं. गोल पेटी पाण्यापासून घट्ट बंद करणं सोपं असतं. लांब, वाकडी पेटी तशी बंद होत नाही.

‘कर्वेक्स’च्याच दशकातल्या आणखी एका घड्याळाची कुळकथा भारतात सुरू होते. घड्याळांचे स्विस व्यापारी सेझार द ट्रे इथे आले असता पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे गाऱ्हाणं केलं: खेळताना घड्याळाची काच फुटते. ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये रने-आल्फ्रेद शोव्हो याने त्यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ‘रिव्हर्सो’ जन्माला आलं. पेटी खाचेत सरकवायची, उलटी फिरवायची, की काच आत आणि धातूची पाठ वर. झाकण बसवून ते घड्याळ जाड करता आलं असतं. त्याऐवजी तेच फिरवलं, म्हणून ते बारीक राहिलं. उलट्या बाजूच्या त्या कोऱ्या पाठीवर पुढे संस्थानिकांनी आणि हौशी लोकांनी नावं, चिन्हं, चित्रं कोरून घेतली.

भारतातल्या हवेने चामड्याच्या पट्ट्याची मर्यादाही दाखवून दिली. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्याचे चार महिने चामडं घामाने काळं पडतं, त्याला वास येतो, कडा उलतात. अशा हवेत धातूची साखळीच बरी. जिनिव्हाची गे फ्रेर ही १८३५ पासूनची कंपनी गळ्यातल्या आणि घड्याळाच्या साखळ्या करणारी. सोनाराच्या हाताला जे ठाऊक होतं ते तिने घड्याळाला दिलं. कडी जितकी लहान तितकी साखळी मनगटाभोवती मऊ वळते. १९४५ मध्ये रोलेक्सने आपल्या चाळिसाव्या वर्षी ‘डेटजस्ट’ काढलं तेव्हा त्याला एका ओळीत पाच बारीक तुकडे असणारी ‘ज्युबिली’ साखळी दिली, ती याच जाणिवेतून. जुन्या साखळ्यांचे तुकडे पातळ पत्रा दुमडून केलेले असत. वजनाला हलक्या, पण हातावरचे केस ओढणाऱ्या.

घड्याळांचा रचनाकार जेराल्ड जेंटा याच्या हातून १९७२ मध्ये ओदमार पिगेचं ‘रॉयल ओक’ आलं. पोलादाचं, तरी सोन्याच्या घड्याळाच्या भावाचं. ३९ मिलिमीटर रुंदीची ती पेटी त्या काळी अवाढव्य मानली गेली. पण आतलं यंत्र तारखेच्या चकतीसह फक्त ३.०५ मिलिमीटर जाडीचं होतं, म्हणून सगळं घड्याळ पातळ राहिलं. गे फ्रेरने केलेली साखळी पेटीतूनच निघते आणि खटक्याकडे जाताना निमुळती होत जाते. मोठं घड्याळ हातावर लहान वाटावं याची ही सर्वांत चतुर रीत. तिचा एक तोटाही आहे. बारीक मनगटावर साखळीची पहिली कडी खाली झुकायच्या आधीच आडवी पुढे येते आणि मध्ये फट राहते. अशा हातावर ते कितीही महाग असलं तरी परक्याचं वाटतं, आणि त्या मनगटाच्या माणसाने ते केवळ नावासाठी घेऊ नये.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ४४, ४७ मिलिमीटरची घड्याळं शर्टाच्या बाह्या अडवू लागली. दुसऱ्या टोकाला २०१० मध्ये रिचर्ड मिलने राफाएल नदालसाठी केलेलं घड्याळ होतं: टूर्बियाँसारखी नाजूक रचना पोटात असूनही पट्ट्यासकट वजन वीस ग्रॅमहून कमी. ते घालूनच तो टेनिस खेळला. पोलोच्या मैदानावर काच लपवावी लागत होती. इथे खेळणाऱ्याच्या हाताला घड्याळाचा भारही जाणवू नये, इथवर मजल गेली.

सध्याची ओढ पुन्हा लहान आकाराकडे आहे. ट्यूडरचं ‘ब्लॅक बे’ २०१२ मध्ये ४१ मिलिमीटरचं आलं, २०१८ मध्ये त्याचा ३९ मिलिमीटरचा, अधिक पातळ भाऊ आला आणि २०२३ मध्ये ३७ मिलिमीटरचा. या शेवटच्या घड्याळाच्या साखळीच्या खटक्यात पाच टप्पे आहेत. कोणत्याही हत्याराशिवाय ती एकूण आठ मिलिमीटर सैल किंवा घट्ट करता येते. दुपारच्या उन्हात मनगट सुजलं तर एक टप्पा सोडायचा आणि संध्याकाळी परत आवळायचा.