कासनी ऊर्फ चिकोरी

आमच्याकडे कॉफीच्या दुकानात गेलो, की दुकानदार बिया दळता दळता विचारतो, "चिकोरी एष्टु हाकली, सर?" मी मराठीत सांगतो, "वीस टक्के घाला." दोघांनाही नीट कळते.

वडिलांना हे कधी पटले नाही. "कॉफीत मुळ्या मिसळणे ही राजरोस भेसळ," असे ते म्हणत आणि शुद्ध पूडच आणवीत. मात्र कावीळ होऊन गेल्यावर हकीमसाहेबांनी दिलेली अर्क-ए-कासनीची बाटली त्यांनी श्रद्धेने संपवली. कासनी आणि चिकोरी एकच, हे मला पुढे इतिहास शिकवताना वाचनात आले, तेव्हा हसू आवरेना.

हे झाड शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातले. फुले निळी, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारी. पाने कडू, मूळ गाजरासारखे लांब. रोमन कवी होरेसने आपल्या साध्या आहारात हिचा उल्लेख केला आहे. इटलीत आजही पाने कच्ची वा उकडून खातात. बेल्जियममध्ये एकोणिसाव्या शतकात मुळे अंधारात ठेवून पांढरे, कमी कडू कोंब काढण्याची रीत निघाली. युनानी वैद्यकात बिया, पाने आणि मूळ यकृताच्या विकारांवर देतात. (तथापि कावीळ झाल्यास आधी डॉक्टरांकडे जावे, पित्ताशयात खडे असलेल्यांनी तर हे औषध विचारल्याशिवाय घेऊच नये.)

कॉफीशी हिचे लग्न लावले ते राजकारणाने. कॉफीपायी देशाचा पैसा बाहेर जातो म्हणून प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा अस्वस्थ होता. १७८१ साली त्याने कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारकडे घेतला. चोरून भाजणाऱ्यांचा माग काढायला निवृत्त, जखमी सैनिक नेमले. ते गल्लीबोळांतून वास घेत हिंडत! लोकांनी भाजलेल्या चिकोरीचा आसरा घेतला. पुढे १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्रजी व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हा वसाहतींतला माल दुर्मिळ होऊन फ्रान्समध्येही चिकोरी घरोघर पोचली. मुळात इन्युलिन नावाचा पिष्टासारखा पदार्थ असतो. भाजल्यावर तो करपट-गोड होतो आणि पेयाला काळा रंग आणतो. कॅफीन मात्र त्यात मुळीच नसते.

मग व्यापाऱ्यांनी लबाडी आरंभली. लंडनचे डॉक्टर आर्थर हिल हॅसल यांनी १८५० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली बाजारातली कॉफी तपासली, तर बहुतेक नमुन्यांत चिकोरी निघाली. तेथून अन्नभेसळविरोधी कायद्याची चळवळ जोर धरू लागली. १८६० साली ब्रिटिश संसदेने पहिला कायदा केला. भारतात नियम असा, की मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले असावे. आता हे पीक आपल्याच देशात, गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटा-अलीगडकडे, रब्बीत होते.

हे सगळे वडिलांना सांगितले. ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "मिसळायला हरकत नाही रे, लपवायला आहे. कासनीला कासनी म्हणा, मग घाला."

दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपल्याला हे नवे नाही. आमच्या मराठीत कानडी शब्द आहेत, शेजाऱ्यांच्या कानडीत मराठी. आपण ते कोठून आले हे मोकळेपणाने सांगावे, इतकेच. मिश्रणात लाज नाही.

त्या संध्याकाळी वडिलांनी प्रथमच चिकोरीची कॉफी घेतली. कप खाली ठेवून म्हणाले, "कडू आहे. पण साखर जरा कमी लागते."