संगणक सुरू होण्यातील अडथळे, नवे उपकरण जोडल्यानंतरचे

पेनड्राइव्ह, प्रिंटर, एक्सटर्नल हार्ड डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड नव्याने जोडल्यावर संगणक सुरूच न होणे अथवा मध्येच अडकणे. वीज, बूट ऑर्डर आणि ड्रायव्हर ही याची नेहमीची कारणे. संगणक कोणत्या टप्प्यावर थांबला, यावरून त्यांतले नेमके कोणते ते ओळखता येते.

पूर्वपीठिका : जुन्या पीसीत दोन कार्डांना एकच इंटरप्ट क्रमांक मिळाला की ती एकमेकांना अडवत, त्यामुळे कार्डांवरचे जंपर हाताने बदलावे लागत. विंडोज ९५ मधील ‘प्लग अँड प्ले’ने हे काम संगणकावर सोपवले. तरी एप्रिल १९९८ मध्ये शिकागो येथे बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ च्या प्रात्यक्षिकात स्कॅनर जोडताच निळा स्क्रीन आला.

टप्पे : (१) स्क्रीन काळाच राहतो किंवा बीप वाजतात. बायोस अथवा यूईएफआयची प्राथमिक तपासणी, म्हणजे ‘पोस्ट’, पूर्ण झालेली नसते. अशा वेळी वीज व जोडणी पाहावी. साधारण यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर असते. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त वीज लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला एसएमपीएसची वेगळी केबल जोडावी लागते.

(२) लोगो दिसतो, पण बूट डिव्हाइस नसल्याचा संदेश येतो. बूट ऑर्डरमध्ये यूएसबी वरच्या क्रमांकावर असल्यास ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या पेनड्राइव्हपाशीच काही संगणक अडतात. काही मदरबोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट बंद होतो आणि त्यावरची जुनी डिस्क दिसेनाशी होते. मॅन्युअल पाहून केबल दुसऱ्या पोर्टला लावावी.

(३) विंडोज सुरू होताना निळा स्क्रीन येतो. येथे पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यावा. विंडोज १० व ११ मध्ये लागोपाठ काही वेळा बूट फसल्यास दुरुस्तीचे पर्याय आपोआप समोर येतात. त्यांतून सेफ मोडमध्ये जाऊन डिव्हाइस मॅनेजरमधून नवा ड्रायव्हर काढावा किंवा जुना परत आणावा.

तपासणी : संगणक बंद करून प्लग काढावा, नवे उपकरण बाजूला करावे आणि पूर्वीच्याच जोडणीवर संगणक सुरू करून पाहावा. तो सुरू झाला, तर उपकरण दुसऱ्या पोर्टला लावून पुन्हा तपासावे. उपकरण काढूनही सुरू होत नसेल आणि कॅबिनेट उघडलेले असेल, तर आत हात लागून रॅम किंवा डिस्कची केबल सैल झाली आहे का, हे आधी पाहावे.