डेक कोण घासत होतं? मुंबईच्या सागवानी जहाजांवरून पडलेला एक प्रश्न

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाच्या सादरीकरणात मी मुंबई गोदीवर चाळीस स्लाइड दाखवल्या. वाडिया घराण्याची वंशावळ, जहाजांची नावं, तोफांची संख्या, कुठलं जहाज कधी पाण्यात सोडलं त्या तारखा. सगळं पाठ होतं. शेवटी समितीतल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला : "या जहाजांचा डेक रोज कोण घासत होतं, आणि कशानं?" मी गप्प. घरी येताना लोकलमध्ये मनातल्या मनात चिडचिड करत होते की हा काय प्रश्न झाला! आता तीन वर्षांनी माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्याच प्रश्नावर उभं आहे. तुम्ही विषय शोधत असाल, तर हा प्रवास तुम्हाला सांगावासा वाटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत जहाजबांधणी सुरू झाली. पुढच्या पिढ्यांपैकी जमशेटजी बोमनजी यांनी ब्रिटिश नौदलासाठी मोठ्या युद्धनौका बांधल्या : १८१० ची मिंडेन, १८१३ ची कॉर्नवॉलिस. १८४२ चा नानकिंगचा तह याच कॉर्नवॉलिसवर झाला. १८१७ ची ट्रिंकोमाली तर आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिचे आराखडे घेऊन निघालेलं जहाज अमेरिकनांनी वाटेतच पकडलं, म्हणून दुसरी प्रत पाठवावी लागली आणि काम लांबलं. ही सगळी माहिती तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. म्हणूनच ती मला इतकी सहज पाठ झाली होती.

आता लाकडाकडे या. सागवानच का? "टिकाऊ असतं" हे उत्तर परीक्षेला चालेल, संशोधनाला नाही. इंग्लंडची जहाजं ओकची. ओकमध्ये आम्ल असतं, त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे-बोल्ट गंजतात आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही खराब होतं. सागवानात नैसर्गिक तेल असतं. ते लोखंडाला सांभाळतं, पाणी आत शिरू देत नाही आणि वाळवी-कीड लांब ठेवतं. शिवाय एकदा नीट सुकलेलं सागवान ओलं-कोरडं होताना फार फुगत-आकसत नाही. डेकसाठी हा शेवटचा गुण सगळ्यात महत्त्वाचा. जहाजाचा बाकी सांगाडा बहुतेक वेळ एकाच अवस्थेत असतो. डेकवर मात्र सकाळी लाट, दुपारी कडक ऊन, रात्री दव. इंग्लंडात बांधलेल्या कितीतरी जहाजांवर डेकला पाइनच्या फळ्या असत. त्या उष्ण कटिबंधात सुकून फटी पडत आणि खालच्या मजल्यावर झोपलेल्यांच्या अंगावर पाणी ठिबके.

पण नुसतं सागवान घेऊन भागत नाही, फळी कशी चिरली तेही बघावं लागतं. ओंडका सरसकट आडवा चिरत गेलं, की बहुतेक फळ्यांवर वर्षवलयांच्या रेषा कमानीसारख्या पसरतात. अशी फळी उन्हात वाकते आणि तिच्यावर पापुद्रे सुटतात. वलयं फळीच्या पृष्ठभागाला उभी येतील अशा बेतानं चिरलं, तर ती सारखी झिजते. मात्र या पद्धतीत लाकूड वाया जास्त जातं. म्हणजे चांगल्या डेकसाठी जाड, सरळ, जुनं झाड लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, जंगलाकडे जाताना तो परत येणार आहे.

आणि निगा? इथे मला पहिला धक्का बसला. माझी समजूत होती की लाकडाला तेल-पॉलिश लावत असतील. तसं नव्हतं. डेकला रोज समुद्राचं खारं पाणी लागायचं. खाऱ्या पाण्यानं बुरशी धरत नाही आणि फळ्या ओलसर राहिल्यानं सांधे उघडत नाहीत. दोन फळ्यांमधल्या फटीत जुन्या दोरांचे पिंजलेले धागे छिन्नी-मोगरीनं ठासून बसवायचे आणि वरून गरम डांबर ओतायचं, हे काम न संपणारं. घासण्यासाठी वालुकाश्माचे ठोकळे असत. खलाशी गुडघ्यावर बसून, वाळू-पाणी टाकून, रांगेनं डेक घासत. इंग्रज खलाशी त्या दगडाला 'होलीस्टोन' म्हणत, मोठ्या ठोकळ्याला 'बायबल' आणि कोपऱ्यात घालायच्या लहानग्याला 'प्रार्थनापुस्तक'. गुडघे टेकायचे म्हणून हे नाव, असं एक स्पष्टीकरण आहे. आणखीही दोन-तीन आहेत, आणि प्रत्येक पुस्तक आपलंच खरं असल्याच्या थाटात सांगतं.

गंमत म्हणजे या घासण्यानं डेक शुभ्र दिसतो, पण पातळ होत जातो. अमेरिकी नौदलानं १९३१ मध्ये होलीस्टोनवर बंदी घातली ती याच कारणानं : लाकूड झिजतं आणि डेक बदलण्याचा खर्च परवडत नाही. आजही सागवानी डेक असलेल्या बोटींसाठी जाणकार हेच सांगतात. मऊ ब्रश वापरा, रेषांना आडवं घासा, कारण रेषांच्या दिशेनं घासलं तर वलयांमधला मऊ भाग खरवडून निघतो आणि खाचा पडतात. जोरदार पाण्याचा फवारा तर लावूच नका. राखाडी रंग आला म्हणून घाबरू नका, तो उन्हाचा रंग आहे, कुजण्याचा नाही.

म्हणजे "कशानं घासत होते" याचं उत्तर मिळालं. "कोण" हा खरा अवघड भाग.

जहाजबांधणीच्या इतिहासात सोहळ्याची नोंद असते, निगेची नसते. जहाज पाण्यात सोडलं त्या दिवशी कोण हजर होतं, कुणाला काय भेट मिळाली, हे सापडतं. त्यानंतर पन्नास वर्षं रोज पहाटे डेकवर पाणी ओतणाऱ्याचं नाव सापडत नाही. मी वर्षभर चुकीच्या कपाटात शोधत होते, असं आता म्हणेन. बांधणाऱ्यांच्या कागदांत चालवणाऱ्यांची माणसं कशी सापडणार? मग वळले लॉगबुकांकडे. ब्रिटिश नौदलाच्या कप्तानांची लॉगबुकं लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. त्यांत वारा, दिशा, आणि मग एक कोरडी ओळ : डेक धुतला, सांधे भरायला माणसं लावली. नाव नाही, पण काम आहे, दिवस आहे, वारंवारता आहे. अशा शेकडो ओळी एका तक्त्यात मांडल्या, की एका जहाजाचं दुखणं दिसायला लागतं.

लॉगबुकांचा आणखी एक उपयोग. मिंडेनबद्दल तुम्ही वाचलं असेल की फ्रान्सिस स्कॉट की यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या या जहाजावर बसून लिहिलं. आपल्याकडे हे फार अभिमानानं सांगितलं जातं, माझ्याही स्लाइडवर होतं. सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरसमोर की होता तो तहाच्या बोलण्यांसाठी गेलेल्या अमेरिकन बोटीवर. मिंडेन त्या ताफ्यात नव्हतीच. एखादी गोष्ट आपल्याला हवीहवीशी वाटते, तेव्हा तिथे दुप्पट तपासा. मी नव्हतं तपासलं.

दुसरा स्रोत मिळाला तो शब्दकोशांत. थॉमस रोबक यानं १८११ मध्ये कलकत्त्याला इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक शब्दकोश छापला, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांना लष्करी, अर्थात हिंदी खलाशांना, हुकूम देता यावेत म्हणून. (हे 'लष्कर' फौजेतलं नव्हे. इंग्रजीत तो लॅस्कर झाला आणि त्याचा अर्थ खलाशी.) फळ्यांचे सांधे भरणाऱ्या माणसाला तिथल्या बोलीत 'कलापत्ती' म्हणत. मूळ पोर्तुगीज 'कालाफाते'. एका शब्दात गोवा, सुरत, मुंबई सगळं येतं. पुढे आगबोटींच्या काळात पी. अँड ओ. कंपनीच्या डेकवरची माणसं मोठ्या प्रमाणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची, सारंग-टंडेलांच्या हाताखाली. खानपानाकडे गोवेकर. म्हणजे "कोण" याचं उत्तर निदान गावापर्यंत तरी येतं, आणि ते गाव कोकणातलं आहे.

आता जंगल. जाड, सरळ, जुनं झाड हवं, हे वर आलं. मुंबईच्या गोदीचं बरंचसं सागवान मलबारातून येई. नौदलाची मागणी वाढली तशी १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याला तिथे वनसंरक्षक नेमलं. त्यानं सागावर सरकारी मक्ता बसवला, खाजगी जमिनीतल्या झाडांवरसुद्धा. जमीनमालक, व्यापारी, शेतकरी सगळेच वैतागले, आणि १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो यानं ती व्यवस्था मोडीत काढली. मग १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली आणि चातू मेनन यांनी निलांबूरला सागाची लागवड केली. जहाजं आता लोखंडाची होणार, हे तेव्हा त्यांना कुठे माहीत!

इथे आज्ञापत्राशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. १७१५-१६ च्या सुमाराचा रामचंद्रपंत अमात्यांचा हा ग्रंथ. आरमारासाठी सागवान वगैरे लाकूड परवानगीनं तोडावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. तोडायचंच तर जीर्ण झाड, मालकाला राजी करून, मोबदला देऊन. वॉटसनच्या शेजारी हे ठेवलं की फरक डोळ्यांत भरतो. पण थांबा. आज्ञापत्र हे काय व्हावं ते सांगतं, काय झालं ते नाही. वॉटसनबद्दल आपल्याकडे तक्रारी आहेत, म्हणजे काय झालं त्याचे कागद. दोन वेगळ्या जातीचे पुरावे एका तराजूत घालून "आपले चांगले, ते वाईट" असा निकाल मी पहिल्या मसुद्यात दिला होता. मार्गदर्शकांनी त्या पानावर फक्त एक मोठं प्रश्नचिन्ह काढून परत दिलं.

हा विषय जुना झालेला नाही. महागड्या यॉटच्या डेकसाठी आजही म्यानमारच्या नैसर्गिक जंगलातलं सागवान मागितलं जातं, कारण लागवडीतल्या कोवळ्या झाडात तेल कमी आणि वलयं रुंद. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघानं तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले.

सध्या मी रत्नागिरीकडच्या दोन गावांत जुन्या सारंग घराण्यांच्या पेट्या बघते आहे. नोकरीच्या चोपड्या आहेत, बोटीची नावं आहेत, शिक्के आहेत. परवा एका आजोबांना विचारलं, तुमचे वडील बोटीवर नक्की काय काम करायचे? ते म्हणाले, "काय करणार गो, पाणी मारायचं नि घासायचं." ही ओळ मी वहीत तारखेसकट लिहून ठेवली आहे. पुढच्या सादरीकरणात पहिली स्लाइड तीच असेल, वंशावळ नंतर.