आयसीयूतून वाचलेलं मूल शाळेत कुठे अडतं?

आजचा प्रश्न साधा आहे. अगदी लहानपणी आयसीयूत राहून वाचलेलं मूल काही वर्षांनी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जातं, तेव्हा पुढे काय होतं? हा प्रश्न नीट विचारायला वैद्यकशास्त्राला कित्येक दशकं लागली. का, ते बघू.

सुरुवात कोपनहेगनपासून. १९५२ साल, पोलिओची भयानक साथ. ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये श्वास बंद पडत चाललेल्या पहिल्या ३१ पेशंटपैकी २७ जण तीन दिवसांत गेले. श्वास देणारी यंत्रं मोजकीच होती. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद द्यायला लावून आत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरली. मुलगी वाचली! मग सुमारे १५०० विद्यार्थी आळीपाळीने पेशंटच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. आयसीयूची कल्पना इथूनच रुजली. १९५५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये खास लहान मुलांसाठी असा विभाग सुरू झाला.

त्यानंतर बराच काळ यशाचं माप एकच होतं: किती वाचले? त्या काळी तेच बरोबर होतं. पण आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगतो, डॅशबोर्डवर फक्त 'सिस्टीम चालू आहे' एवढंच दिसत होतं. आत काही बिघडलंय का, हे कुणी मोजतच नव्हतं.

वाचलेली मुलं मोठी व्हायला लागली तशी चाचण्यांमधून एक गोष्ट समोर आली. लक्ष टिकवणं, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, हात-डोळ्याचा मेळ घालणं, यात ही मुलं सरासरीने बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे होती. सगळीच नाही हं, पुष्कळ मुलं छान शिकतात. पण फरक खरा होता. आता याचं खापर आजारावर फोडणं सोपं होतं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या डॉक्टर ग्रीट व्हॅन डेन बर्ग आणि त्यांच्या टीमने वेगळीच शंका घेतली: यातला काही वाटा आपल्या उपचारांचा तर नाही?

त्यांनी तपासलं ते सलाईनमधून दिलं जाणारं पोषण. आजारी लेकरू उपाशी कसं ठेवायचं, म्हणून ते पहिल्या दिवसापासून शिरेतून द्यायची पद्धत होती. ल्यूव्हेन, रॉटरडॅम आणि कॅनडातलं एडमंटन इथल्या १४४० मुलांवर अभ्यास झाला. निम्म्यांना हे पोषण लगेच दिलं, निम्म्यांना आठवडाभर थांबून. नळीने पोटात जेवढं जाईल तेवढं दोघांनाही देत होते. २०१६ मध्ये निकाल आला. लगेच दिलेल्या गटात १८.५ टक्के मुलांना नवा संसर्ग झाला, थांबलेल्या गटात १०.७ टक्के. थांबलेली मुलं आयसीयूतून लवकर बाहेरही आली.

टीम इथे थांबली नाही. दोन वर्षांनी मुलांना पुन्हा तपासलं. थांबलेल्या गटातल्या मुलांची कामापुरतं लक्षात ठेवायची आणि स्वतःला आवरायची क्षमता जास्त चांगली होती. म्हणजे वर्गात बसायला जे लागतं, नेमकं तेच! पण निरोगी मुलांच्या तुलनेत दोन्ही गट मागेच होते. पोषण हे एकच कारण नव्हतं.

२०१६ मध्येच आणखी एक धागा सापडला, प्लास्टिकचा. नळ्या मऊ राहाव्यात म्हणून त्यांत थॅलेट नावाची रसायनं घालतात. ती झिरपून मुलांच्या रक्तात जात होती. ज्यांच्या रक्तात ती जास्त होती, त्यांना चार वर्षांनी लक्ष देण्याचा त्रासही जास्त आढळला. हा संबंध आहे, पक्का पुरावा नाही. पण जीव वाचवणारी नळीच संशयित ठरली.

२०१८ मध्ये आयसीयूनंतर मुलांना होणाऱ्या शारीरिक, मानसिक आणि बौद्धिक त्रासांना मिळून एक चौकट मिळाली: 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम, पीडियाट्रिक्स'. त्यात घरच्यांवर होणारा परिणामही धरलाय.

आता आपल्याकडे या. डिस्चार्जची फाईल कपाटात जाते. मूल धडधाकट दिसतं, धावतं, खेळतं. मग पहिली-दुसरीत तक्रार येते, 'लक्षच देत नाही, आळशी आहे'. लहानपणच्या त्या पंधरा दिवसांचा आणि या तक्रारीचा संबंध कुणी लावतच नाही. टीचरना ते माहीत नसतं, आईबाबांना आठवायचंही नसतं.

तुमच्या घरात किंवा ओळखीत असं मूल असेल, तर दोन गोष्टी करा. बालरोगतज्ज्ञांना विचारून विकासाची तपासणी शाळेआधीच करून घ्या. आणि वर्गशिक्षकांना ती जुनी हकिगत सांगा. मुलाला पुढे बसवणं, एका वेळी एकच सूचना देणं, थोडा जास्त वेळ देणं, एवढ्यानेही त्याला हातभार लागतो. आळशी म्हणण्याआधी एकदा ती फाईल उघडून बघा.