तिरुवैयारु : लाखेच्या तबकड्यांवर उरलेले स्वर

तमिळनाडूतील तंजावर शहरापासून सुमारे १३ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी वसलेले तिरुवैयारु हे गाव संत-संगीतकार त्यागराज (१७६७–१८४७) यांच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. तंजावरच्या मराठा राजवटीच्या काळात होऊन गेलेल्या त्यागराजांचा आवाज कोणत्याही यंत्राने टिपलेला नाही. त्यांच्या निधनानंतर ३० वर्षांनी, १८७७ मध्ये, अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी फोनोग्राफ तयार केला. मात्र त्यांच्या कृती विसाव्या शतकाच्या प्रारंभी कशा गायल्या जात, हे ऐकण्याची सोय लाखेच्या जुन्या तबकड्यांनी करून ठेवली आहे. दक्षिण भारतीय संगीताच्या संग्राहकांना या तबकड्यांचे मोल यंत्रांहून अधिक वाटते ते त्यामुळेच.

फोनोग्राफ आणि ग्रामोफोन हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. संग्राहक मात्र त्यांत भेद करतात. फोनोग्राफमध्ये ध्वनी मेणाच्या नळकांड्यावर कोरला जाई. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि नळकांड्याची जागा सपाट तबकडीने घेतली. एका साच्यातून असंख्य तबकड्या छापता येत असल्याने बाजारपेठ तिचीच झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना सुरू झाला. त्या काळी गायक-गायिका गाणे संपताच स्वतःचे नाव उच्चारीत. लेबल फाटलेल्या तबकडीची ओळख आजही कधीकधी त्या एका वाक्यावरून पटते.

तिरुवैयारुच्या इतिहासाशी निगडित असलेले असे एक नाव म्हणजे बेंगळुरू नागरत्नम्मा (१८७८–१९५२). देवदासी परंपरेतील या गायिकेच्या तबकड्या ग्रामोफोनच्या आरंभकाळातच निघाल्या होत्या. त्यागराजांच्या समाधीची दुरवस्था पाहून त्यांनी स्वतःची मिळकत वेचून तेथे मंदिर उभारले आणि १९२५ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. तरीही आराधना उत्सवात स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. तेव्हा १९२७ पासून त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. पुढे १९४० च्या दशकाच्या आरंभी सर्व गट एकत्र आले. ज्या स्वरांना समाधीपुढे प्रवेश नव्हता, ते तबकडीवरून घरोघरी पोहोचत होते, ही विसंगती नोंद घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रातील संग्राहकांना जवळचे उदाहरण मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचे. त्यांनी त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती तबकडीवर गायली आहे. किराणा घराण्याच्या गायकीतून उमटलेली ही कर्नाटक रचना दोन्ही पद्धतींच्या जाणकारांना सारखीच मोलाची वाटते.

यंत्र खरेदी करणाऱ्याने मात्र सावध असावे. मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी दिसणारे चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन बहुधा अलीकडे जुळवलेले असतात. नव्या लाकडी पेटीत एखाद्या जुन्या पेटी-ग्रामोफोनची मोटर बसवलेली असते आणि वर प्रसिद्ध कंपनीची पट्टी ठोकलेली असते. शोभेची वस्तू म्हणून त्यात वावगे काही नाही. जुनी म्हणून तिची किंमत मोजणे मात्र व्यर्थ. शिवाय झिजलेला साउंड बॉक्स तबकडीचे नुकसान करतो. पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावणे, हा जुना दंडक आजही पाळावा लागतो.

तबकडीची जपणूक त्याहून नाजूक. ती पडली की फुटते. आडव्या थप्पीत दाबली जाते, म्हणून उभी ठेवावी. ती कधीही स्पिरिटने पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते. कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवेत मेणाच्या नळकांड्यांवर बुरशी चढते आणि यंत्रांच्या स्प्रिंगा गंजतात. लेबलाजवळ कोरलेला क्रमांक ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवण्यास उपयोगी पडतो. सुरुवातीच्या सर्वच तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. वेग चुकला तर गायकाची पट्टी बदलते आणि मूळ आवाजाविषयी गैरसमज होतो. म्हणून डिजिटल प्रत करताना संगीताच्या जाणकाराची साथ आवश्यक ठरते.

या क्षेत्रात मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने महत्त्वाचे काम केले. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून तबकड्यांच्या सूची आणि कलावंतांची माहिती प्रसिद्ध झाली, आणि सदस्यांनी जुन्या तबकड्यांच्या श्रवणाचे कार्यक्रम घेतले. वारसांना आजोबांच्या पेटीतील तबकड्यांचे काय करावे हे उमगत नाही, तेव्हा त्या भंगारात जातात. अशा सूचींमुळे निदान हाती असलेली तबकडी दुर्मिळ आहे की नाही, हे ती टाकण्यापूर्वी पाहता येते.